एनबीए विजेतेपदाचा हंगाम वहीत कसा मांडावा

एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये प्रत्येक संघ साखळीत 82 सामने खेळतो आणि त्यानंतर प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीच्या मालिकांत, अजिंक्यपदासाठी आणखी 16 विजय मिळवावे लागतात. रोजचे निकाल न चुकता पाहणाऱ्यालाही एप्रिल उजाडला की एक प्रश्न पडतो: हा संघ खरोखर चषक उचलण्याच्या ताकदीचा आहे, की नुसता गुणतक्त्यात वर आहे? जय-पराजयाचा तक्ता याचं अर्धंच उत्तर देतो. उरलेलं उत्तर बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यात असतं. ते काढायला एक वही, एक कॅल्क्युलेटर आणि सामन्यामागे दहा मिनिटं पुरतात.

प्रत्येक सामन्याला एक ओळ द्या. तारीख, प्रतिस्पर्धी, सामना घरी की बाहेर, लागोपाठ दुसऱ्या रात्रीचा आहे का, दोन्ही संघांचे गुण, ताबे, आणि कोण खेळलं नाही, एवढे रकाने आखा. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि मार्चमध्ये पस्तावतात.

ताबे मोजणं

सगळ्या हिशेबाचं मूळ ताबा आहे, म्हणजे चेंडू मिळाल्यापासून तो दुसऱ्या संघाकडे जाईपर्यंतचा काळ. तो बॉक्स स्कोअरमध्ये सहसा छापलेला नसतो, काढावा लागतो. फील्ड गोलचे (चालू खेळातल्या शॉटचे) प्रयत्न घ्या, त्यात फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकींच्या) प्रयत्नांचे 0.44 पट मिळवा, आक्रमक रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट पुन्हा हाती येणं) वजा करा, टर्नओव्हर (शॉट न घेता चेंडू गमावणं) मिळवा.

समजा, संघाने 88 शॉट घेतले, 22 फ्री थ्रो मारले, 10 आक्रमक रिबाउंड घेतले आणि 13 वेळा चेंडू गमावला. 88 + 9.68 − 10 + 13 म्हणजे 100.68 ताबे. गुण 114 असतील, तर दर 100 ताब्यांमागे 113.2 गुण झाले.

0.44 का? फ्री थ्रो बहुधा जोडीने मिळतात, म्हणून 0.5 हवे होते असं वाटतं. पण फाउल होऊनही बास्केट झाल्यावर मिळणारा जादा एक किंवा टेक्निकल फाउलचा एक यांत वेगळा ताबा खर्च होत नाही, त्यामुळे आकडा खाली येतो. आक्रमक रिबाउंड वजा होतो, कारण चेंडू त्याच संघाकडे राहतो आणि तोच ताबा पुढे चालू राहतो.

पडताळा सोपा आहे. दोन्ही संघांचे ताबे जवळजवळ सारखे यायला हवेत, कारण चेंडू आळीपाळीने मिळतो. पाच-सहाचा फरक आला, तर उतरवताना चूक झाली आहे. बहुतेक वेळा आक्रमक रिबाउंडऐवजी एकूण रिबाउंड घेतलेले असतात, किंवा 24 सेकंदांत शॉट घेण्याचा नियम मोडल्याबद्दल संघाच्या नावावर पडलेला टर्नओव्हर सुटलेला असतो. तो कोणत्याही खेळाडूच्या रकान्यात नसतो.

एवढी खटपट अशासाठी, की वेग डोळ्यांना फसवतो. 106 ताब्यांत प्रतिस्पर्ध्याला 118 गुण देणारा संघ दर 100 ताब्यांमागे 111.3 गुण देतो. 94 ताब्यांत 108 देणारा 114.9 देतो. टीव्हीवर दुसऱ्याचा बचाव भक्कम दिसतो, प्रत्यक्षात पहिल्याचा बरा असतो.

विजय नव्हे, गुणफरक

दर दहा सामन्यांनी सरासरी गुणफरक, म्हणजे केलेले वजा दिलेले गुण, काढा. 82 सामन्यांच्या हंगामासाठी एक ढोबळ सूत्र चांगलं चालतं: 41 अधिक सरासरी फरकाच्या अडीच पट, म्हणजे अपेक्षित विजय. 1995-96 च्या शिकागो बुल्सचा फरक 12.2 होता. सूत्र 71 ते 72 विजय सांगतं, त्यांनी 72 मिळवले. 2015-16 च्या गोल्डन स्टेट वॉरियर्सचा फरक 10.8 होता. सूत्राने 68 येतात, त्यांनी 73 जिंकले. जास्तीचे पाच विजय अटीतटीच्या सामन्यांनी दिले. असे विजय मोलाचे असतातच, पण पुढच्या महिन्यात ते पुन्हा मिळतील याची हमी नसते. 2024-25 च्या ओक्लाहोमा सिटी थंडरचं उलट झालं: फरक 12.9, लीगच्या इतिहासातला सर्वोच्च. अपेक्षा 73 विजयांची, हाती 68.

काही जण 20 गुणांवरचा फरक 20 च धरतात. ते करू नका. दुबळ्या संघाला सहज लोळवणं हीच मोठ्या संघाची खूण आहे आणि तीच माहिती त्यात खोडली जाते. त्याऐवजी दोन्ही प्रशिक्षकांनी मुख्य खेळाडू बसवले त्या क्षणाचा गुणफलक कंसात लिहून ठेवा. आणखी एक खबरदारी: हंगामाच्या मध्येच होणाऱ्या एनबीए कप स्पर्धेचा अंतिम सामना 82 मध्ये धरला जात नाही, तो वहीच्या बेरजेत घेऊ नका.

फरक कुठून येतो

बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ डीन ऑलिव्हर यांनी मांडलेले चार घटक इथे कामी येतात. पहिला नेमबाजीचा, आणि त्याचं वजन सर्वांत जास्त, सुमारे 40 टक्के. यशस्वी शॉटमध्ये तीन गुणांच्या यशस्वी शॉटची निम्मी संख्या मिळवून एकूण प्रयत्नांनी भागा. वरच्या उदाहरणात 88 पैकी 42 शॉट पडले आणि त्यांत 14 तीन गुणांचे होते, तर (42 + 7) ÷ 88, म्हणजे 55.7 टक्के. दुसरा टर्नओव्हरचा: 13 ला 88 + 9.68 + 13 ने भागलं की 11.7 टक्के. तिसऱ्यासाठी आपले आक्रमक रिबाउंड, भागिले ते अधिक प्रतिस्पर्ध्याचे बचावात्मक रिबाउंड. चौथ्यासाठी यशस्वी फ्री थ्रो भागिले शॉटचे प्रयत्न. चारही दोन्ही बाजूंनी काढायचे, म्हणजे आठ आकडे होतात.

यात सर्वांत फसवा आकडा प्रतिस्पर्ध्याच्या तीन गुणांच्या यशाचा. दहा सामन्यांत समोरच्यांनी रोज 35 प्रयत्न केले, तर 350 होतात. त्यांचा नेम नशिबाने पाच टक्क्यांनी बिघडला, तर 17-18 शॉट कमी पडतात, म्हणजे सामन्यामागे पाचहून अधिक गुण. एवढ्याने मध्यम संघही बलाढ्य दिसू लागतो. म्हणून ‘बचाव सुधारला’ असं लिहिण्याआधी टक्केवारी बाजूला ठेवा आणि प्रतिस्पर्ध्याला किती प्रयत्न करू दिले ते बघा. प्रयत्नांची संख्या बचावाच्या हातात बरीच असते, चेंडू जाळीत पडणं तितकंसं नाही.

फेब्रुवारीनंतर नवं पान

खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत फेब्रुवारीत संपते. संघात महत्त्वाचा बदल झाला, तर जुनी सरासरी तिथेच थांबवा. 2004 मध्ये डेट्रॉइट पिस्टन्सने फेब्रुवारीत रशीद वॉलेसला आणलं आणि जूनमध्ये अंतिम फेरीत लॉस एंजेलिस लेकर्सना 4-1 ने हरवलं. ऑक्टोबरपासूनची एकच सरासरी धरणाऱ्याला तो संघ दिसलाच नसता. 1 मार्चनंतर एखाद्या संघाने सोडलेला खेळाडू दुसऱ्या संघाकडून प्लेऑफ खेळू शकत नाही, त्यामुळे मार्चच्या सुरुवातीला ताफा जवळपास पक्का होतो.

गैरहजेरीचा रकाना इथे उघडा. 2018-19 मध्ये टोरांटो रॅप्टर्सने कवाय लेनर्डला 82 पैकी 60 सामनेच खेळवलं आणि विजेतेपद मिळवलं. अशा संघाचे दोन गुणफरक काढावे लागतात, तो असतानाचा आणि नसतानाचा. प्लेऑफसाठी पहिलाच खरा.

प्लेऑफची वही वेगळी

इथे एकाच संघाशी सातपर्यंत सामने होतात, त्यामुळे साखळीचे आकडे झपाट्याने जुने होतात. प्रथम मिनिटं मोजा. 48 मिनिटं गुणिले पाच खेळाडू, म्हणजे 240. साखळीत ती दहा जणांत वाटली जातात. प्लेऑफमध्ये पहिल्या पाचांनी प्रत्येकी 38 घेतली, तर 190 संपली आणि बाकीच्यांना मिळून 50 उरली. म्हणून नवव्या-दहाव्या खेळाडूच्या जोरावर कमावलेला फरक इथे उपयोगी पडत नाही. उलट 2013-14 च्या सॅन अँटोनियो स्पर्सचा एकही खेळाडू साखळीत सरासरी 30 मिनिटं खेळला नाही. ते ताजेतवाने राहिले आणि अंतिम फेरीत मायामी हीटला 4-1 ने हरवून गेले.

मग प्रत्येक सामन्यात एकच गोष्ट टिपा: समोरचा संघ स्क्रीन लावून (सहकाऱ्याने बचावपटूची वाट अडवून) कोणत्या बचावपटूला वारंवार चेंडूसमोर ओढतो आहे? त्याच्यासमोर चौथ्या क्वार्टरमध्ये किती ताबे खेळले गेले आणि त्यांत किती गुण झाले, एवढं लिहा. तो खेळाडू बाकावर गेला की मालिकेची दिशा बदलते. सुरुवातीच्या पाचांतला बदल नेहमी ठळक लिहा. 2015 च्या अंतिम फेरीत 2-1 ने मागे पडल्यावर वॉरियर्सने उंच सेंटर अँड्र्यू बोगटऐवजी आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून उतरवलं, सलग तीन सामने जिंकले आणि इग्वोडाला अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मालिकेचा एकूण गुणफरकही चालू ठेवा. 2016 च्या अंतिम फेरीत सहा सामन्यांनंतर वॉरियर्स आणि क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स दोघांचेही 610 गुण होते. एकेकाळी 3-1 ने पुढे असलेले वॉरियर्स सातवा सामना 93-89 ने हरले. 3-1 हा आकडा जेवढा सुरक्षित वाटत होता तेवढी बाजू कधीच भक्कम नव्हती.

एका रात्रीवरून मात्र पान रंगवू नका. 2018 मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने वॉरियर्सविरुद्धच्या सातव्या सामन्यात तीन गुणांचे 44 प्रयत्न केले, त्यांतले सलग 27 चुकले आणि एकूण 7 पडले. त्यांचा प्रमुख खेळाडू ख्रिस पॉल पाचव्या सामन्यात जायबंदी झाला होता. अशा सामन्यासमोर ‘हरले’ एवढंच लिहिलं, तर पुढच्या हंगामात ती ओळ उपयोगाची राहत नाही. प्रयत्न 44, यश 7, पॉल नाही, असं लिहा.