साथीच्या काळात शाळेतील कर्मचाऱ्यांचे मनोबल कसे जपावे

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले आणि पाहता पाहता शिक्षकांचे घर व वर्ग यांतील सीमारेषा पुसली गेली. अशा वेळी मुख्याध्यापकांनी सर्वप्रथम कामाचे तास ठरवून द्यावेत. रात्री साडेदहाला 'बाई, उद्याचा गृहपाठ काय आहे?' असा संदेश येतो आणि बाई जेवणाच्या ताटावरून उठून उत्तर देतात. ठरलेल्या वेळेनंतर उत्तर मिळणार नाही, हे शाळेनेच पालकांना लेखी कळवावे. तो वाईटपणा एकट्या शिक्षकाच्या माथी येऊ देऊ नये.

कामाच्या दीर्घकालीन, न आवरलेल्या ताणातून येणारा थकवा जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून वर्गीकृत केला. त्यामुळे केवळ प्राणायामाचे वर्ग भरवून भागत नाही (ते वाईट आहेत असे नाही), तर काही अहवाल, काही बैठका प्रत्यक्ष रद्द कराव्या लागतात.

'कसे आहात?' या प्रश्नाला 'ठीक' एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी 'या आठवड्यातले कोणते काम काढून घेऊ?' असे विचारावे. हाच प्रश्न शिपाई, लिपिक आणि सफाई कर्मचाऱ्यांनाही विचारावा, कारण शाळा बंद असतानाही त्यांच्यापैकी अनेकांना प्रत्यक्ष हजर राहावे लागते. घरात मृत्यू झालेला सहकारी परतल्यावर त्याला लगेच पूर्ण तासिका न देता पहिले काही दिवस सोबतीला दुसरा शिक्षक द्यावा, आणि वर्गाला काय सांगायचे हे त्यालाच ठरवू द्यावे.