घोड्यांच्या सोबतीनं मुलांसाठी काम करायचंय?

घोड्यांच्या मदतीनं आम्ही मुलांसोबत जे काम करतो, ते शिकायला समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकणारी मुलं-मुली भेटायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न कोर्सचा असतो. कुठलं सर्टिफिकेट घेतलं की या कामात शिरता येईल? मी त्यांना आधी तबेल्यात जायला सांगते. भल्या सकाळी, निदान महिनाभर. खरारा करा, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करा, लीद उचला, चंदी म्हणजे त्याचा खुराक कधी आणि किती घालतात ते बघा, नालबंद आला की त्याच्या शेजारी उभे राहा. आणि घोड्यांची देखभाल करणाऱ्या सईसाच्या मागे मागे फिरा. घोड्याचं पोट बिघडलंय, आज त्याचा मूड नाही, हे सगळ्यात आधी सईसाच्या लक्षात येतं. सईसाकडून शिकण्यात ज्याला कमीपणा वाटतो, त्यानं या कामात येऊ नये असं माझं ठाम मत आहे.

आता हे काम म्हणजे नेमकं काय? मुलांना घोड्यावर बसवून फिरवणं नव्हे. शारीरिक अपंगत्व असलेल्यांसाठी घोडेस्वारीचा उपयोग होतो, पण ती शाखा वेगळी. पोलिओ झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेलनं १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून शिस्तबद्ध हालचाली करून घेण्याच्या स्पर्धेचं, रौप्यपदक जिंकलं, त्यानंतर या शाखेकडे जगाचं लक्ष गेलं. आम्ही करतो ते सगळं जमिनीवर उभं राहून. शाळा सुटलेली, सतत भांडणारी, कुणाशी बोलेनाशी झालेली मुलं घोड्याला जवळ बोलावतात, त्याला सोबत घेऊन चालतात, अडथळ्यांमधून वाट काढतात. अमेरिकेत १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘इगाला’ पद्धतीत मानसिक आरोग्याचा जाणकार आणि घोड्याचा जाणकार असे दोघे एका वेळी मैदानात असतात. मला ही जोडी अत्यावश्यक वाटते. एकाच माणसाला मुलाकडे आणि घोड्याकडे पूर्ण लक्ष देता येत नाही.

घोडाच का, असं पालक विचारतात. घोडा हा शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. फक्त नाकासमोर थोडं आणि थेट पाठीमागे दिसत नाही. आजूबाजूच्यांच्या हालचाली वाचत राहणं हाच त्याचा जगण्याचा आधार. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते. रागीट चेहरा पाहिल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगानं वाढले. म्हणजे मूल तणतणत आत आलं, तर ४५०-५०० किलोचा तो प्राणी कान मागे टाकतो, मान वर करतो, दूर सरकतो. मुलानं श्वास सोडला, खांदे सैल केले, की तोच घोडा मान खाली घेतो. उत्तर तिथल्या तिथे मिळतं. काल काय केलंस याचा हिशेब त्यात नसतो, आणि ज्या मुलांनी मोठ्यांकडून फक्त हिशेबच ऐकलाय त्यांना हे फार नवं असतं.

गोवंडीतला एक मुलगा आठवतो. ‘याचं कशातच लक्ष नसतं’ अशी त्याची ओळख करून दिली गेली होती. घोडी एका जागी अडून बसली आणि तो दोर ओढत राहिला. मग थांबला. तिच्या खांद्यापाशी जाऊन ती बघत होती तिकडेच बघू लागला. कुंपणापलीकडे निळी ताडपत्री फडफडत होती. ‘तिला ते नाय आवडत,’ म्हणाला, आणि लांबचा वळसा घेऊन तिला घेऊन गेला. ती ताडपत्री आमच्यापैकी कुणाच्याही नजरेत आली नव्हती. अशा वेळी ‘बघ, तूही असाच घाबरतोस’ असं सांगण्याचा मोह होतो. तो आवरायचा. ‘तुला हे कशावरून कळलं?’ एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य हेच आहे आणि ते सरावानंच येतं.

शिक्षणाचं म्हणाल तर पाया पक्का हवा. समाजकार्यासाठी मुंबईत देवनारची टाटा इन्स्टिट्यूट आणि निर्मला निकेतन आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ती नसेल तर आपल्या कामाला ‘उपचार’ म्हणू नका, ‘शिक्षण’ म्हणा. यावरचे अभ्यास अजून बहुतेक छोट्या गटांवर झालेत, त्यामुळे पालकांना हमी देऊ नका. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा वाचून ठेवा. बालगृहातली मुलं असतील तर बालकल्याण समितीची परवानगी आधी. पूर्ण वेळ पगाराच्या जागा फार थोड्या आहेत. बरेच जण शाळेतलं समुपदेशन सांभाळून हे करतात.

मुंबईत जागा आणि हवा दोन्ही परीक्षा बघतात. महालक्ष्मी रेसकोर्सवर अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. तिथे रायडिंग शिकता शिकता घोड्यांशी ओळख होते. शर्यतीतून निवृत्त झालेले सगळेच घोडे मुलांसोबतच्या कामाला चालत नाहीत, काही फार चटकन बिचकतात. उकाड्यात सत्र सकाळीच उरकायचं. पावसाळ्यात खूर ओले राहून सडतात, म्हणून ते रोज साफ करावे लागतात. मुलांना बंद बूट, हेल्मेट, धनुर्वाताची लस. दोर हाताला गुंडाळायचा नाही, खाऊ सपाट तळव्यावर द्यायचा. घोडा कान पाडून बाजूला झाला, तर त्या दिवशी त्याला सुट्टी, मुलं कितीही लांबून आलेली असोत.

आणि शेवटचं सत्र कोणतं, हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगा. यातल्या अनेकांना माणसं न सांगता सोडून गेलेली असतात. तारीख भिंतीवर लिहा, मधूनमधून आठवण द्या. निरोपाच्या दिवशी नवीन काही शिकवू नका. खरारा करायला भरपूर वेळ द्या. ज्याला घोड्याजवळ जायचंच नसेल, त्याला कुंपणापाशी उभं राहू द्या आणि तुम्हीही त्याच्याजवळच थांबा.