कोकणातल्या घराला एसी बसवताय? आउटडोअरच्या या चुका टाळा

दापोली, दिवेआगर, अलिबागकडे घर बांधलेले बरेच पुणेकर एसी पुण्यातूनच नेतात आणि बसवतातही पुण्याच्याच पद्धतीने. इथे आउटडोअरला, म्हणजे एसीच्या घराबाहेर बसणाऱ्या भागाला, त्रास धुळीचा, आणि धूळ धुतली की जाते. तिथे वाऱ्याबरोबर मीठ येतं, दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि धातू कुरतडत राहतं.

सगळ्यात महागात पडते ती जागेची चूक. समुद्राकडच्या भिंतीवर आउटडोअर टांगू नका. परसदारी, पूर्वेच्या बाजूला घ्या. कंपनीच्या मर्यादेत बसत असेल तर पाइप थोडा लांबला तरी हरकत नाही. भिंत जांभ्याची असेल तर आखूड फास्टनरवर (भिंतीत ठोकायच्या बोल्टवर) भरवसा ठेवू नका. जांभा सच्छिद्र असतो, कंपनांनी पकड सैल होते. त्यापेक्षा जमिनीवर वीतभर उंच काँक्रीटचा ओटा करून घेतलेला बरा. ब्रॅकेट लावायचाच असेल तर ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा लावा, नटबोल्टही त्याच ग्रेडचे. साध्या लोखंडी ब्रॅकेटचा रंग बसवतानाच खरचटतो आणि गंज तिथूनच धरतो.

‘कॉपर कॉइल आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका. नळ्या तांब्याच्या असल्या तरी त्यांच्यावरच्या फिन्स, म्हणजे पातळ पट्ट्या, बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. दोन्ही धातू एकमेकांना चिकटलेले, त्यात खारं पाणी मिळालं की आधी अ‍ॅल्युमिनियम झिजतं. फिन्सवर पांढरी भुकटी दिसली की समजा, सुरुवात झाली आहे. म्हणून घेतानाच कारखान्यातून कोटिंग होऊन आलेली कॉइल मागा.

पत्र्याखाली आहे म्हणजे सुरक्षित आहे, हाही गैरसमजच. उघड्यावरचं मीठ निदान पाऊस धुऊन नेतो, आडोशाचं तसंच साचतं. महिन्यातून एकदा एमसीबी बंद करून साध्या नळीने कॉइल धुवायला घरची राखण करणाऱ्याला सांगून ठेवा. प्रेशर पंप नको, फिन्स वाकतात. अ‍ॅसिडचं केमिकल तर अजिबात नको. आणि पाणी आधी चाखून बघा! किनाऱ्याजवळची विहीर मचूळ असेल तर त्या पाण्याने धुणं म्हणजे पुन्हा मीठच चोपडणं. अशा वेळी पिण्याच्या पाण्याच्या दोन बादल्या खर्ची घाला.

पावसाळ्यात घर बंद करताना आउटडोअर प्लास्टिकमध्ये गुंडाळतात, तेही टाळा. आत ओल कोंडते, शिवाय उंदीर वायरी कुरतडतात. वरून झाका, बाजू मोकळ्या ठेवा.

थंडावा कमी झाला की ‘गॅस संपला’ असं सांगून गॅस भरून देतात. गॅस वापरून संपत नाही, कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आधी फ्लेअर नटांवर (पाइपच्या जोडावरच्या नटांवर) साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायला सांगा आणि कॉइलच्या खालच्या कडेला तेलकट डाग आहे का, ते पाहा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं, त्यामुळे डाग जिथे, गळती बहुधा तिथेच.