गर्दीत उभं राहायला येताय? मग या चुका टाळा

वाईत शूटिंग लागलं की माझा फोन थांबत नाही. मी कोऑर्डिनेटर, म्हणजे शूटिंगला गर्दीची माणसं पुरवणारी, नाही. गर्दीत उभी राहणारी बाई आहे. बरीच वर्षं उभी राहिले म्हणून कोऑर्डिनेटर दादा "बायकांचं तुम्ही बघा" म्हणतात, एवढाच माझा अधिकार. पण फोन करणाऱ्यांना वाटतं, काकूंनी नाव दिलं की आपण पडद्यावर. नाव द्यायला माझी हरकत नाही. नवीन पोरं येतात, त्याच त्याच चुका करतात, एडीच्या (असिस्टंट डिरेक्टरच्या) शिव्या खातात आणि दुसऱ्या दिवशी "काकू, तिथं आपल्याला किंमत नाही" म्हणून मलाच ऐकवतात. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सगळ्यात आधी ती चूक, जिच्यापायी मी दोनतीन पोरांशी बोलणं सोडलं आहे.

फ्रेममध्ये घुसणं

एका मालिकेत अंत्ययात्रेचा सीन होता, कृष्णेच्या घाटावर. नायिकेचे वडील गेलेले. मास्टर शॉट, म्हणजे सगळा सीन एकत्र दिसेल असा, लावला होता: लांबून तिरडी येते, मागं गावकरी. कोरेगावकडचा एक पोरगा पहिल्यांदाच आला होता, दिसायला देखणा, अंगात भारी उत्साह. एडीनं त्याला सांगितलं, मागच्या बाजूला चालायचं, मान खाली. "ॲक्शन" झालं आणि या गड्यानं खांदेकऱ्याला बाजूला सारून स्वतः खांदा दिला. वर हंबरडा फोडला. नायिका बिचारी रडायची थांबून त्याच्याकडे बघायला लागली.

दिग्दर्शक तापला, पण सूर्य डोंगराआड चालला होता. दुसरा टेक घेतला तोवर उजेड गेला. शेवटी पहिलाच ठेवला, नायिकेचा तेवढा भाग क्लोजमध्ये, म्हणजे जवळून, वेगळा घेतला. पोरगा खूश. मला म्हणाला, "काकू, बघितलं का, ठेवला शॉट!"

दोन दिवसांनी ग्रामसभेचा सीन. कॉल आला, सगळे गेले. एडीनं रांगेवरून नजर फिरवली आणि याला बाजूला काढलं. "हा तिरडीला होता. दिसेल." पुढं लग्न आलं, आठवडी बाजार आला, पोलीस स्टेशनसमोरचा जमाव आला. त्या दिवशी मान खाली घालून मागं चालणारी माणसं कधी वऱ्हाडी झाली, कधी गिऱ्हाईक, कधी दगड घेऊन उभा असलेला जमाव. त्यांना ते शेड्यूल संपेपर्यंत काम होतं. हा घरी बसला. चेहरा प्रेक्षकाच्या लक्षात राहिला की त्या माणसाला त्याच गोष्टीत दुसरा माणूस करता येत नाही, हे साधं गणित आहे. पण ते सांगायला गेलं की पोरांना वाटतं काकू खच्चीकरण करतात.

बरं, घुसूनही उपयोग होत नाही. नायक-नायिकेचा क्लोज घेताना जी लांब पल्ल्याची लेन्स लावतात, तिच्यात फोकस असतो तो त्यांच्या डोळ्यांवर. मागं दहा-पंधरा फुटांवर तुम्ही नाचलात तरी एक पिवळा नाहीतर निळा डाग हलल्यासारखा दिसतो. तो डाग बरोबर हलला तर बाजार बाजारासारखा वाटतो. काम तेवढंच आहे, आणि ते सोपं नाही.

मी एडीला दोनच गोष्टी विचारते: कुठून कुठं जायचं, आणि कशावर निघायचं. "कशावर" म्हणजे कुठल्या वाक्यावर. नायिका "दादा, थांबा" म्हणाली की मी भाजीची पिशवी उचलते, हे एकदा ठरलं की दहा टेक झाले तरी मी तिथंच निघते. "ॲक्शन" ऐकल्याबरोबर सगळी गर्दी एकदम चालायला लागली तर ती शाळा सुटल्यासारखी दिसते. ज्याला कुठलं वाक्य दिलेलं नाही त्यानं निदान मनात तीनपर्यंत मोजून निघावं.

पंगतीत पोटभर जेवणं

ही माझी दुसरी लाडकी चूक. लग्नाची पंगत म्हटलं की नवीन माणसाचे डोळे चमकतात. फुकट मसालेभात, जिलेबी, वर कॅमेरा.

पाचवडकडचे एक काका होते, वयानं मोठे, म्हणून त्यांना पानाच्या पहिल्या ओळीत बसवलं. पहिल्या टेकला त्यांनी तीन जिलेब्या खाल्ल्या, मनापासून. खाताना इतके छान दिसले की कॅमेरामन म्हणाला, काकांवरून सुरू करू. झालं. आता प्रत्येक टेकला काकांनी जिलेबी खायची. मास्टर झाला, मग नवरदेवाच्या बाजूनं, मग वाढप्याच्या खांद्यावरून, मग परत, कारण मुलीचे वडील संवाद विसरले. दर वेळी पान पुन्हा भरायचं, कारण पहिल्या शॉटला ते भरलेलं होतं. शेवटी काकांना घाम फुटला. एडी हात जोडून म्हणतोय, "काका, एकच चावा," आणि काका डोळे मिटून मान हलवताहेत. त्यांना मांडवामागं नेलं आणि तो सगळा कोपरा नव्यानं लावला. अर्धा तास गेला, आणि आमचं खरं जेवण तेवढंच पुढं ढकललं गेलं.

पंगतीत मी घास बोटांनी कालवत राहते. तोंडाशी नेते, पण शेजारणीकडे बघून काहीतरी बोलायचं निमित्त करते आणि हात परत पानात आणते. खावंच लागलं तर भाताची चार शितं. आणि पहिल्या टेकला काय केलं ते लक्षात ठेवते: पाणी उजवीकडे होतं, पापड मोडलेला नव्हता, पदर डोक्यावर होता. कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्यात जुळतंय का ते, बघायला माणूस असतो, पण तो नायिकेच्या कानातल्याकडे बघत असतो. तुमच्या पापडाकडे तुम्हीच बघायचं.

यातच मनगटावरची स्मार्ट घड्याळं आली. पेशवाईचा सीन असतो आणि पगडीखालचा मावळा वेळ बघतो. याच्यावर जास्त लिहित नाही, रक्तदाब वाढतो.

आपलं गाव विसरायचं असतं, हे न कळणं

बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही, पण आमची वाई पडद्यावर फारच कमी वेळा वाई असते. ‘गंगाजल’मध्ये (२००३) ती बिहार होती. ‘स्वदेस’मध्ये (२००४) मेणवलीचा नाना फडणवीसांचा घाट उत्तर प्रदेशातल्या गावाचा घाट झाला. ‘दबंग’ला (२०१०) पुन्हा उत्तर प्रदेश. म्हणजे आम्ही इथलीच माणसं, इथल्याच घाटावर, पण परक्या मुलखातली म्हणून उभी.

आणि नवीन बाई येते ती नऊवारी नेसून, नाकात नथ, गळ्यात दोन वाट्यांचं मंगळसूत्र. "शूटिंग आहे ना, म्हणून जरा नटून आले." हिंदीचं युनिट असेल तर कथा कुठली आहे ते आदल्या दिवशी विचारा. उत्तरेकडचं गाव असेल तर पदर उजव्या खांद्यावरून पुढं येणार, डोक्यावर राहणार. वाट्या ब्लाउजच्या आत टाका. पुरुषांनी पांढरी टोपी घरी ठेवावी. ड्रेसवाले गमछा देतात, पण पन्नास माणसांत प्रत्येकाकडे बघायला त्यांना वेळ नसतो. माझ्या पिशवीत दोन साध्या सुती पाचवार साड्या कायम असतात, फिकट, बारीक काठाच्या, बिनचमकीच्या. पांढरीशुभ्र आणि लालभडक साडी कॅमेरामनला नको असते. नजर तिथंच जाते.

बांगड्यांचंही सांगते. हल्ली आवाज सेटवरच घेतात. तुमच्या डझनभर काचेच्या बांगड्या नायकाच्या हळव्या वाक्यावर किणकिणल्या तर तो टेक गेला. मी मागच्या बाजूनं दोऱ्यानं एकत्र बांधून टाकते. आणि गर्दीत बोलायचं म्हणजे फक्त ओठ हलवायचे. गलका हवा असेल तेव्हा तो वेगळा रेकॉर्ड करतात, तेव्हा काय ओरडायचं ते ओरडा.

सांगलीकरांसाठी वेगळा परिच्छेद

सांगलीहून येणारी एकांकिका स्पर्धेतली पोरं हुशार असतात, पाठांतर चोख, वेळेवर येतात. पण विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केलं त्या गावचे आपण, हे ती सेटवर क्षणभरही विसरत नाहीत. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय. साधं "हो" म्हणायचं तर मान, खांदे, भुवया सगळं कामाला लागतं. एकाला वर्तमानपत्र वाचत बसायचं काम होतं. त्यानं वाचताना धक्का बसल्याचा, मग दुःखाचा, मग निर्धाराचा अभिनय केला. एडीनं विचारलं, "काय छापून आलंय रे एवढं?"

त्यांना माझं एकच सांगणं: वर्तमानपत्र खरंच वाचा. बाजारभाव वाचा. चेहरा आपोआप बरोबर होतो.

आधी पैसे भरणं

यात चर्चा नको. गर्दीच्या कामाला आधी पैसे लागत नाहीत. कोऑर्डिनेटर आपलं कमिशन तुमच्या मजुरीतून कापतो, तो व्यवहार आहे. "रजिस्ट्रेशन", "पोर्टफोलिओ", "ऑडिशन फी" म्हणून मोबाइलवर पैसे मागणारा माणूस पैसे मिळाल्यावर दिसत नाही. मुंबईत ज्युनियर आर्टिस्टांच्या, म्हणजे गर्दीत उभं राहणाऱ्यांच्या, संघटना आहेत, तिथल्या सभासदत्वाची रीतसर पद्धत असते. पण इथं कुणी लॅमिनेट केलेलं ‘कलाकार कार्ड’ विकत असेल तर तसलं कार्ड मला वाईतल्या कुठल्याही सेटवर कुणी विचारलेलं नाही. घाई असलेला माणूस आधी सापडतो. "काकू, लवकर काहीतरी व्हायला पाहिजे" असं म्हणणाऱ्यांचेच पैसे गेलेले मी पाहिलेत.

विचारायचं ते हे: मजुरी किती, पॅकअपला हातात की महिन्यानं खात्यावर, शिफ्ट किती तासांची, आणि रात्र झाली तर गाडीनं घरी कोण सोडणार. बायकांनी हा शेवटचा प्रश्न पहिला विचारावा. शेवटची एसटी गेल्यावर धोमच्या बाजूला उभं राहून तो विचारण्यात अर्थ नसतो. कपडे बदलायला जागा कुठं आहे, हेही सकाळीच बघून ठेवायचं.

एक वाक्य मिळालं की गर्दी सोडणं

ओळखीतल्या एकाला एका मालिकेत वाक्य मिळालं: "साहेब, गाडी आली." चांगलं म्हटलं त्यानं, खरंच. गावात फ्लेक्स लागला. त्यानंतर कोऑर्डिनेटरचा फोन आला की हा म्हणायचा, "क्राउड असेल तर नको, रोल असेल तर सांगा." कोऑर्डिनेटर चार वेळा विचारतो, पाचव्या वेळी यादीतून नाव काढतो. शेतीत लक्ष नाही, दुकानाची नोकरी सोडलेली, आणि दिवसभर फोनकडे डोळे.

मग हमखास सयाजी शिंदेंचं नाव निघतं. आपल्या वेळेकामठीचा माणूस, पाटबंधारे खात्यात वॉचमन होता, कुठल्या कुठं पोचला. अगदी खरं. पण ‘शूल’ सिनेमातला त्यांचा बच्चू यादव लोकांनी पाहिला १९९९ मध्ये, आणि त्याच्या आधीची नाटकातली वर्षं कुणी मोजत नाही. वॉचमनची नोकरी सोडून ते फोनची वाट बघत बसले होते, असंही नाही. नोकरी होती, नाटक होतं, दोन्ही चाललं होतं. पोरांना गोष्टीचा शेवट तेवढा पाठ असतो.

मला विचाराल तर ज्याला त्याच युनिटनं पुढच्या शेड्यूलला परत बोलावलं त्याचं चांगलं चाललंय. नट म्हणूनही. रोज वेगळा माणूस व्हायचं, कुणाच्या लक्षात न येता, दहाव्या टेकलाही पहिल्यासारखं चालायचं, हे ज्याला जमतं त्याला वाक्य दिलं तर तो ते म्हणेल. ज्याला जमत नाही त्याला वाक्य देऊन फायदा नाही. हे माझं मत, मुंबईत ते कुणी विचारलेलं नाही.

आणखी काही, पटापट

लेन्समध्ये बघू नका. नायकासोबत सेल्फी मागू नका, निदान त्याच्या रडण्याच्या सीनआधी तरी. सेटवरचा लुक स्टेटसला टाकला तर दुसऱ्या दिवशी येऊ नका, घेणार नाहीत. शेड्यूलच्या मध्यात दाढी काढू नका. स्पॉटदादांशी नीट बोला, उन्हात पाण्याची बाटली तेच देतात. थांबायची सवय करा. बारा तासांतले आठ तास थांबण्यातच जातात, म्हणून मी विणकाम नेते. मोबाइल बघत बसणाऱ्यांची बॅटरी दुपारी संपते आणि मग ते माझ्याशी बोलायला येतात.

शेवटची चूक: नातेवाइकांना तारीख सांगणं. "शुक्रवारी साडेआठला बघा" म्हणून सगळ्या भावकीला कळवतात, लोक जेवणं लवकर उरकून बसतात, आणि एडिटमध्ये तो सगळा कोपराच उडालेला असतो. मग वर्षभर टोमणे. मी कुणालाच सांगत नाही. सासूबाईंना तेवढं कळतं, कारण त्या मालिका एरवीही बघतात. त्या मला शोधत नाहीत. गर्दीत गल्लीतलं कोण कोण आहे ते बघतात आणि सकाळी नळावर नावानिशी सांगतात, कुणी कुणाची साडी मागून नेसली होती त्यासकट.