इम्प्लांट बसवण्यापूर्वी आणि बसवल्यानंतर या चुका टाळा

दात काढला की आठवडाभरात दुखणे थांबते, घास दुसऱ्या बाजूने चावायची सवय लागते आणि रिकाम्या जागेचा विषय मागे पडतो. दुखत नाही म्हणजे ठीक आहे, हा समज इम्प्लांटच्या (गेलेल्या दाताच्या मुळाऐवजी जबड्याच्या हाडात बसवायच्या धातूच्या कृत्रिम मुळाच्या) बाबतीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत घातक ठरतो. दाताचे मूळ गेले की भोवतीचे हाड झिजू लागते. ही झीज पहिल्या वर्षात सर्वाधिक असते आणि तेवढ्यात हाडाची रुंदी जवळपास निम्म्यावर येऊ शकते. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात, समोरच्या जबड्यातला दात त्या जागेत सरकतो. वरच्या दाढांच्या जागी हाड कमी पडले तर सायनस (वरच्या दाढांवरची हवेची पोकळी) उचलून हाड भरण्याची वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते, म्हणजे खर्चही वाढतो आणि काळही. लगेच इम्प्लांट करायचे नसले, तरी दात काढण्याआधीच त्याविषयी विचारून ठेवावे.

दुसरी मोठी चूक अपुरी माहिती देण्याची आहे. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला नाही म्हणणाऱ्या अनेक स्त्रिया रोज मशेरी लावतात, कारण त्यांच्या लेखी ती दात घासण्याची वस्तू असते. हिरडीच्या दृष्टीने मात्र ती तंबाखूच आहे. गुटखा किंवा सुपारीने तोंड आखडले असेल, तर मागच्या दाढांपर्यंत ड्रिल पोहोचवणेच अवघड होते. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांमध्ये जात नसतील, तर इम्प्लांटच्या चौकशीआधी त्याची तपासणी करून घ्यावी, कारण ही कर्करोगाच्या आधीची अवस्था असू शकते. मधुमेह असल्यास तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल सोबत न्यावा. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून मिळणारे औषध रोजच्या गोळ्यांच्या यादीत नसते, म्हणून ते सांगायचे राहून जाते. पण याच औषधांमुळे शस्त्रक्रियेनंतर जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका संभवतो. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

साध्या एक्सरेमध्ये हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते आणि इम्प्लांटचे टोक व ती नस यांत किमान 2 मिलिमीटर अंतर राखले जाते, म्हणून खालच्या दाढांसाठी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय) स्कॅनचा खर्च टाळू नये. बधिरतेचे औषध उतरायला काही तास लागतात. दुसऱ्या दिवशीही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी कळवावे.

घाईविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. इम्प्लांट ज्या धातूचे असते ते टायटॅनियम हाडाशी घट्ट जोडले जाते, हे स्वीडनमधील ब्रोनमार्क यांच्या 1952 मधील सशांवरील प्रयोगांत लक्षात आले आणि 1965 मध्ये पहिल्या रुग्णावर तशी शस्त्रक्रिया झाली. या जोडणीला खालच्या जबड्यात साधारण 3 महिने, तर वरच्या जबड्यात 4 ते 6 महिने लागतात. या काळात इम्प्लांट सूक्ष्मसे जरी हलत राहिले, तरी हाडाऐवजी मऊ तंतू तयार होतात आणि ते कधीच पक्के बसत नाही. ‘तीन दिवसांत पक्के दात’ अशा जाहिराती सर्वत्र दिसतात. हाड भक्कम असेल आणि इम्प्लांटला पहिल्याच दिवशी पुरेशी पकड मिळाली असेल, तर लगेच दात बसवता येतात, मात्र ही सवलत सरसकट सर्वांना लागू होत नाही. तात्पुरता दात दिसण्यासाठी असतो. त्यावर चिक्की किंवा कडक भाकरीचा पापुद्रा चावू नये.

दात बसवल्यानंतरही दुखण्याची वाट पाहणे चुकीचे आहे. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती तंतूंचे नाजूक आवरण असते, ज्यामुळे दाब आणि दुखणे जाणवते. इम्प्लांटभोवती ते नसते. त्यामुळे भोवतालचे हाड झिजत असूनही बराच काळ काहीच जाणवत नाही. ब्रश करताना रक्त येणे, हिरडी लाल होणे, दाबल्यावर पू येणे किंवा त्या जागेची दुर्गंधी, एवढ्या खुणांवर तपासणी करावी. कधी कॅप (इम्प्लांटवर बसवलेला कृत्रिम दात) चिकटवताना सिमेंटचा कण हिरडीखाली राहिलेला असतो आणि तो काढणे हाच मुख्य उपाय असतो. रोज रात्री दातांमधल्या फटीत जाणारा छोटा ब्रश फिरवावा. टाचणी किंवा काडी वापरू नये.

कॅप हलू लागली की इम्प्लांट वाया गेले, असे समजून अनेक जण घाबरतात. बहुतेकदा कॅपचा भाग इम्प्लांटशी जोडणारा आतला स्क्रू सैल झालेला असतो आणि तो पुन्हा घट्ट करता येतो. पण तशाच अवस्थेत महिनाभर चावत राहिल्यास स्क्रू आत तुटतो, आणि मग काम फार कठीण होते. घरचा गोंद लावू नये. कॅप निघाली तर डबीत ठेवून घेऊन जावी. स्क्रू वारंवार सैल होत असेल, तर झोपेत दात खाण्याची सवय आहे का ते तपासून रात्री घालायचा गार्ड बनवून घ्यावा.

प्रत्येक कंपनीच्या इम्प्लांटचा स्क्रू आणि तो फिरवायचे अवजार वेगळे असू शकते. पुण्या-मुंबईत सुट्टीत इम्प्लांट करून परदेशी परतणाऱ्यांना ही अडचण येऊ शकते, कारण तिथल्या दंतवैद्याला आत कोणता भाग आहे हे सहज कळत नाही. कंपनीचे नाव, माप आणि लॉट क्रमांक असलेले स्टिकर दवाखान्यातून मागून घ्यावे आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवावा.