कॅन्सर तपासणीचं पोस्टर ग्रुपवर टाकण्याआधी

पहिलं काम: पोस्टरवर तारीख घाला. 'येत्या रविवारी' नको. तारीख, महिना, साल आणि वार, चारही.

मागच्या खेपेस मी 'येत्या रविवारी सकाळी 10 वाजता स्तन, तोंड आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोफत तपासणी' असं झोकात लिहून गुरुवारी रात्री बचतगटांच्या ग्रुपवर सोडलं. शिबिर छान झालं. पोस्टर मात्र तोवर मुंबईला पोचलं होतं. चाकरमान्यांच्या ग्रुपांवर ते पंधरा दिवस हिंडलं आणि 'आईला पाठव' असं होत होत परत गावात आलं. तिसऱ्या रविवारी अकरा बायका उपकेंद्राच्या कुलूप लावलेल्या दाराशी उभ्या. फोन आला म्हणून धावत गेले, तर पायरीवर एक काकी डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. तपासणी म्हणजे उपाशीपोटीच असणार, म्हणून पहाटेपासून चहासुद्धा घेतला नव्हता. नातवाचा फोन माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "ह्या बघ, तूच धाडलंस मां?" परतीची एसटी दीडला होती. पुढच्या, खऱ्या शिबिराला त्या आल्या नाहीत.

मूळ मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करून बघितला. त्याने आपल्या ग्रुपवरचा जातो, पुढे गेलेल्या प्रती जात नाहीत. म्हणून तारीख. चित्रातच हवी, खालच्या मजकुरात नको, कारण चित्र पुढे जातं आणि मजकूर गळतो.

त्याच चित्रात आणखी थोडंसं: वय 30 ते 65. उपाशी राहायची गरज नाही. पाळी चालू असेल तर पाळी संपल्यावर या. आणि फोन नंबर असा, की जो उचलला जाईल. आशाताईंचा देणार असाल तर आधी त्यांना विचारा, त्यांच्या डोक्यावर आधीच कमी कामं नाहीत.

मग व्हॉइस मेसेज. हा पोस्टरपेक्षा महत्त्वाचा, कारण आमच्याकडे फोन असतो मुलाच्या किंवा सुनेच्या हातात, आणि बारीक अक्षर वाचायला चष्मा लागतो. मालवणीत बोला, एका मिनिटाच्या आत. "बायांनो, घाबरूची गरज नाय. सुई नाय, टाको नाय. पाच मिनटांचा काम आसा." नेमकं काय करतात तेही सांगा. पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उठतो का ते बघतात. डाग उठला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, पुढची तपासणी करायची एवढंच. हे वाक्य दोनदा बोला. व्हॉइस मेसेजमध्येही तारीख बोला. हो, सालासकट.

तोंडाच्या तपासणीबद्दल लिहिताना गुटख्याचा फोटो टाकून मोकळं होऊ नका. तो बघून बायका म्हणतात, हे पुरुषांचं. मशेरीचं नाव घ्या. भाजलेला तंबाखू तो तंबाखूच, पण सकाळी दात घासायला म्हणून लावतात, त्यामुळे कुणी त्याला व्यसन म्हणतच नाही. स्तनाबद्दल एकच मुद्दा ठासून सांगा: गाठ दुखत नसली तरी दाखवायची. 'दुखत नाही मग कशाला' यात महिने जातात.

दिवस कुठला? लावणीत नको, आंब्याच्या हंगामात नको, गणपतीच्या आसपास तर नकोच. डिसेंबर-जानेवारी बरा, पण गावची जत्रा कधी ते विचारा. रात्रभर दशावतार बघितल्यावर सकाळी 10 ला कोण येणार? मासे विकणाऱ्या बायकांना दुपारनंतरची वेळ द्या, सकाळी त्या बाजारात असतात.

शिबिरातल्या रांगेचा फोटो टाकू नका. पाठमोरासुद्धा नाही, साडीवरून ओळखतात. 'हिला कायतरी निघाला' एवढं वाडीत पसरायला एक फोटो पुरतो. कुणाचा रिपोर्ट ग्रुपवर विचारला तर लगेच खाजगीत घ्या.

शंकांची उत्तरं आधी टाइप करून ठेवा, ऐन वेळी चिडून लिहिलं जातं. एक ठरलेली शंका: नर्सबाईला काय कळतंय, डॉक्टर कुठे आहे? त्यावर टाटा मेमोरियलचं उदाहरण द्या. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत त्यांनी साधारण दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून हीच तपासणी दर दोन वर्षांनी करवली आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. निष्कर्ष 2013 साली जाहीर झाले. दुसरं, गरम लिंबूपाण्याने कॅन्सर बरा होतो हा फॉरवर्ड येणारच. वाद घालू नका. 'नाही होत, तपासणी अमुक तारखेला' एवढंच. बघा, इथेही तारीख.

शहरातल्यांसाठी, म्हणजे कणकवली, कुडाळ, रत्नागिरी, हेच पोस्टर चालत नाही. तिथे माहिती असते, 'बघू नंतर' हा आजार असतो. उभा, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, इन्स्टाग्रामवर आणि स्टेटसला. संध्याकाळची किंवा रविवारची वेळ. स्टेटस 24 तासांत जातं, तेव्हा तीन दिवस रोज टाका.

शिबिरानंतर: ज्यांना पुढे जायचं आहे त्यांना मेसेज नको, फोन करा. जिल्हा रुग्णालयात सोबत कोण जाणार ते ठरवा. रेशन कार्ड, आधार. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. बाकी डॉक्टर सांगतील ते.

आणि त्याच संध्याकाळी सगळ्या ग्रुपांवर, मुंबईच्याही, 'अमुक तारखेचं शिबिर संपलं' असं ठळक चित्र टाका.

माझं जुनं पोस्टर अजून फिरतंय. हिरवं आहे, डाव्या कोपऱ्यात गुलाबी रिबन, तारीख नाही. तुमच्याकडे आलं तर पुढे पाठवू नका, आणि ज्यांनी धाडलं त्यांना शिबिर होऊन गेल्याचं कळवा.