लेहला स्वतःची सायकल न्यायची की तिथंच भाड्यानं घ्यायची? या चुका टाळा

जून जवळ आला की पुण्या-मुंबईच्या सायकलवाल्यांत एकच विषय, लडाखला आपली एमटीबी (डोंगरात चालवायची माउंटन बाइक) विमानानं न्यायची की तिथंच भाड्यानं घ्यायची. आणि मग सगळे हिशोब करत बसतात की भाडं दिवसाला किती आणि विमानवाले जादा किती घेणार. तो हिशोब नंतर करा हो, आधी रूट ठरवा. लेहमध्ये मुक्काम ठेवून चार-पाच दिवस आसपास फिरायचं, एक दिवस खारदुंग ला (ला म्हणजे खिंड), एवढंच असेल तर माझं मत सरळ आहे, भाड्याची घ्या, कारण आपली नेली तर खोलण्या-जोडण्यातच सुट्टीचा चांगला भाग जातो. मनालीहून लेह करणार असाल, म्हणजे सव्वाचारशे किलोमीटरच्या वर, बारालाचा ला आणि ५,३२८ मीटरवरचा तांगलांग ला धरून, तर मात्र आपलीच बरी. रोज सहा-सात तास ज्या सीटवर बसायचं ती अंगाला सवयीची हवी.

पण मनाली-लेहवाल्यांची ठरलेली चूक म्हणजे खोक्याचा विचारच न करणं. सायकल खोक्यातून चंदीगडला उतरवली, तिथून मनाली, आणि परतीचं विमान लेहहून. मग खोका कुठाय? सोबत सपोर्ट गाडी असेल तर घडी करून तिच्यात टाका, नसेल तर निघण्याआधीच लेहमधल्या सायकलवाल्याला फोन करून एक खोका राखून ठेवायला सांगा, परतीच्या आदल्या संध्याकाळी शोधायला निघालात तर पंचाईत होणार. जाताना चंदीगडपर्यंत रेल्वे पार्सलनं पाठवणारेही आहेत, हाताशी वेळ असेल तर तेही चालतं.

वजनाचा घोळ

"सायकल १४ किलोची, फ्री बॅगेज १५ किलो, बसतंय की!" नाही बसत. पुठ्ठ्याचा खोका, फोम, टेप धरून तीन-चार किलो वाढतात, हार्ड केस असेल तर त्याहून बरंच जास्त, आणि तुमचे कपडे काय हातात धरून नेणार? शिवाय चेक-इन बॅगेला साधारण लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंमीची मर्यादा असते आणि सायकलचा खोका त्याच्या कितीतरी पुढे जातो, म्हणजे वजनात बसला तरी साइजमध्ये अडकतो. म्हणून तिकीट काढायच्या आधी त्या एअरलाइनचे स्पोर्ट्स इक्विपमेंटचे नियम वाचा आणि बुकिंगमध्ये तशी नोंद करून घ्या, काउंटरवर हुज्जत घालून काही होत नाही. लेहचा विमानतळ ३,२५० मीटरच्या आसपास, तिथल्या विरळ हवेत विमानाला उडताना पूर्ण वजन घेता येत नाही, त्यामुळे परतीच्या दिवशी मोठं सामान मागे राहू शकतं. घरी पोचलात त्याच दिवशी सायकल हातात हवी असा हट्ट नको.

काउंटरवर "लिमिटेड रिलीज" लिहिलेला टॅग पुढे करतात, न वाचता सही करू नका, त्याचा अर्थ असा की आत काही मोडलं तर एअरलाइन हात वर करणार. एरवीसुद्धा देशांतर्गत विमानात सामानाची भरपाई फार तर २०,००० रुपयांपर्यंत असते, तेव्हा लाखाच्या सायकलला वेगळा इन्शुरन्स काढलेला बरा. आणि खोका बेल्टवरून आला की विमानतळ सोडायच्या आधी उघडून बघा.

पॅकिंगमध्ये काय चुकतं

चाकं काढली आणि ब्रेकच्या पॅडांमध्ये काही घातलं नाही, ही नंबर एकची चूक. वाटेत कुठे लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येऊन पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क आत जात नाही. जाड पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो. डिस्क काढून सपाट गुंडाळून ठेवा, डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवतो तो भाग) हँगरपासून, म्हणजे फ्रेमवर तो ज्या पट्टीला लटकतो तिच्यापासून, सोडवून चेनसकट फ्रेमच्या आत बांधा, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) दोन पायांमध्ये प्लास्टिकचा स्पेसर लावा, दुकानात नव्या सायकलींबरोबर येतात ते फुकट देतील. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे विसरून जोर लावणारे दरवर्षी आट्याची वाट लावतात. सीट खाली घालायच्या आधी उंचीवर टेपची खूण करा. टायरमधली हवा कमी करा पण पार काढू नका, नाहीतर रिमवर मार बसतो.

सीओटू कार्ट्रिज (टायर झटपट भरायची गॅसची छोटी नळकांडी) घरीच ठेवा, सिक्युरिटीत अडकायला ते पुरेसं आहे, हातपंप न्या. वायरलेस गिअरच्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेत. ई-बाइकवाल्यांनी तर विमानाचा विषयच सोडावा, प्रवासी विमानात १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी चालत नाही आणि ई-एमटीबीची सहसा ४०० च्या पुढे असते.

भाड्याची घेताना

फोटोत सगळ्याच सायकली चकाचक दिसतात. निघण्याआधी उंची सांगून साइज विचारा, चाक २६, २७.५ की २९ ते विचारा, कारण स्पेअर ट्यूब त्यावर ठरते, आणि व्हॉल्व्ह जाड की बारीक तेही, नाहीतर तुमचा पंप बसायचा नाही. हेल्मेट, पेडल आणि सीट आपली घेऊन जा, तिन्ही मिळून दोन किलोही होत नाहीत आणि निम्मा त्रास वाचतो.

सायकल हातात आली की पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते आधी बघा. आपल्याकडे उजवा लिव्हर पुढचा असतो, बाहेरून आलेल्या सायकलींना उलटाही असतो आणि खारदुंग लाच्या उतारावर ते कळून उपयोग नाही. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हँडलपाशी खटखट आली तर हेडसेट, म्हणजे हँडल जिथं फिरतं तिथलं बेअरिंग, ढिला. क्रँक (पेडलचा दांडा) धरून आडवा हलवा, हलला तर तोही ढिला. चेनची बारा पूर्ण कडी (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक) पट्टीनं मोजा, बरोबर बारा इंच भरायला हवीत, सोळांश इंचानं वाढली असेल तर चेन बदलून मागा. आणि नुसती गल्लीत फिरवून आणू नका, लेहमधल्या चांगस्पाहून शांती स्तूपाच्या चढावर न्या, सगळ्यात हलक्या गिअरला चेन उडते का ते तिथंच कळतं. आधीचे ओरखडे व्हिडिओत घ्या. डिपॉझिट म्हणून ओरिजिनल आधार ठेवू नका, झेरॉक्स द्या.

पोचल्यावर

विमानानं लेहला उतरलात की पहिले दोन दिवस सायकल चालवू नका, एकदम ३,५०० मीटरवर आलेले असता, जोडणीसुद्धा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी करा. टायरमध्ये पुण्याचाच आकडा ठेवलात तर इथं तो साधारण चार-पाच पीएसआय जास्त दाखवेल, बाहेरचा दाब कमी म्हणून. एअर शॉक्सचंही तसंच, थोडे कडक वाटतील, शॉक पंपानं परत सेट करा.

लिव्हर हँडलपर्यंत जात असेल तर घाबरू नका, सायकल आडवी-उलटी राहिली की ब्रेकच्या तेलातले हवेचे बुडबुडे नळीत सरकतात, सरळ उभी करून लिव्हर पंधरा-वीस वेळा दाबा, मग रबर बँडनं दाबून रात्रभर ठेवा. तरी नरमच असेल तर ब्रेक ब्लीड करावाच लागेल, म्हणजे तेलातली हवा काढावी लागेल, तसं घाट उतरायचं नाही. गिअर आपोआप उड्या मारत असेल तर केबलशी खेळत बसण्याआधी मागून हँगर सरळ आहे का ते बघा. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, लेहमध्ये तुमचा मिळेलच असं नाही, म्हणून स्पेअर बरोबर हवाच. डिस्क घासत असेल तर कॅलिपरचे (ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट ढिले करा, लिव्हर दाबून धरा, तसेच आवळा. चाक फिरवल्यावर एकाच जागी घासत राहिली तर डिस्क वाकलीय, ती मेकॅनिककडूनच सरळ करून घ्या, पकडीनं स्वतः वाकवायला जाऊ नका.